‘ते बाळ माझं वाटतच नाही’

प्रश्न : आम्ही बडोद्यात वाघोडिया रोडला राहतो. मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. बायकोचं बीपी फार वाढलं म्हणून ३० व्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. मुलगा झाला, वजन १२४० ग्रॅम. आज नववा दिवस. एका खासगी रुग्णालयाच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात) तो सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर आहे, नळीने दर २ तासांना १० मिली दूध चालू आहे. वजन उतरून ११६० झालंय. भेट सकाळ-संध्याकाळ १५-१५ मिनिटं. बायको आत गेली की बाळाकडे न बघता मॉनिटरकडेच बघत बसते. परवा म्हणाली, “ते बाळ माझं वाटतच नाही.” माझ्या आईने ते ऐकलं आणि घरात रडारड झाली. पाचवीच्या पूजेला बायको बसली नाही, त्याचा राग आधीच होता. सव्वा महिना तिने उंबरा ओलांडायचा नाही, असंही आईचं म्हणणं. नातेवाइकांचे फोन थांबत नाहीत. मला स्वतःला घरी मायक्रोवेव्ह वाजला तरी धस्स होतं. मी नुसता बिलं भरतो आणि खालून औषधं आणून देतो. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय का? आणि मी नेमकं करू काय?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून तरी नाही. बाळ पोटातून निघालं ते थेट काचेच्या पेटीत गेलं. तिने त्याला पाजलं नाही, पुसलं नाही, त्याचा लंगोट बदलला नाही. नऊ दिवसांत सगळे मिळून चार-साडेचार तास पाहिलं, तेही नळ्या आणि टोपीआडून. मग ते आपलं वाटावं कशाच्या जोरावर? जिव्हाळा बाळंतपणाबरोबर आपोआप येतो ही समजूत नऊ महिने भरलेल्या बाळांच्या घरांत खपून जाते, कारण तिथे पहिल्या तासापासून हाताला काम असतं. इथे तेच काढून घेतलेलं आहे.

एनआयसीयूतल्या आईबापांचा ताण मोजायची एक प्रश्नावली जगभर वापरतात. अमेरिकेतल्या मार्गारेट माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे तीन भाग आहेत : तिथले आवाज आणि यंत्रं, बाळाचं रूप आणि हालचाली, आणि आई-बाप म्हणून आपलं काम हिरावलं जाणं. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या भागाचाच भार सर्वांत जास्त निघतो. म्हणून ‘मन खंबीर ठेवा’ असं आम्ही तुम्हाला सांगणार नाही. त्याने काही होत नाही. तुम्हा दोघांना बाळाचं काम मिळालं पाहिजे, आणि ते मागून घ्यावं लागेल.

मागायचं कसं, तर भांडून नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच नवजात कक्षांसाठी कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यात आईबापांना हात धुण्यापासून कांगारू पद्धतीपर्यंत (बाळाला उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून धरणं) शिकवून कामात घ्यायचं ठरलेलं आहे. ती सरकारी कक्षांसाठी आहे, खासगीवर तिची सक्ती नाही, पण डॉक्टरांना ती ठाऊक असते. १५ मिनिटांची भेट ही आमच्या मते जुनी सवय आहे. जंतुसंसर्गाचा धोका खरा आहे, पण त्यावर उपाय हात नीट धुणं हा आहे, आईला बाहेर ठेवणं नव्हे. मुख्य सिस्टरना दुपारी थोड्या निवांत वेळी गाठा. राउंड चालू असताना नको, आणि ड्युटी बदलते त्या अर्ध्या तासात तर मुळीच नको. बडोद्यात राहून गुजराती येतच असेल : “बेन, हुं शुं करी शकुं?” एवढं विचारलं की बहुतेक सिस्टर हात धुवायच्या बेसिनपाशी घेऊन जातात. ‘दोनाऐवजी तीनदा सोडा’ असा हट्ट धरण्यापेक्षा ‘आम्हाला अमुक एक काम शिकवा’ म्हटलेलं लवकर मान्य होतं.

पहिलं काम स्पर्शाचं. घड्याळ, अंगठी, मनगटातले धागे काढायचे, नखं कापलेली, कोपरापर्यंत हात धुतलेले आणि पूर्ण वाळलेले. हात गार असतील तर आधी एकमेकांवर चोळून ऊब आणायची. मग एक तळवा डोक्यावर टोपीसारखा आणि दुसरा, पोटाशी दुमडलेल्या पायांवर. दाब हलका पण ठाम, आणि हात हलवायचा नाही. बहुतेकांची चूक इथे होते : प्रेमाने पाठीवरून, कपाळावरून बोट फिरवतात. ३१ आठवड्यांच्या बाळाच्या कातडीला ते फिरणारं बोट सोसत नाही; ते दचकतं, ऑक्सिजन खाली येतो, घंटी वाजते आणि आईला वाटतं, माझा हातच याला नको. हात स्थिर ठेवला तर तेच बाळ निवतं. १० मिनिटं पुरेत. बोटं फाकली, हात बाहेर फेकले, उचकी लागली, लागोपाठ जांभया आल्या, रंग उतरला, तर ते दमलंय. हात झटकन उचलू नका, सावकाश काढा.

मॉनिटरचं थोडं समजून घ्या, म्हणजे तिला त्याच्याकडे टक लावून बसावं लागणार नाही. हृदयाचे ठोके या वयात मिनिटाला साधारण १२० ते १६० असतात, मध्ये थोडे वर-खाली होतात. ऑक्सिजन देत असताना त्याची पातळी ९० ते ९५ ठेवायची असते. ९५ च्या वर गेलं तरी घंटी वाजते, कारण जास्तीचा ऑक्सिजन अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांना घातक. तेव्हा ९८ म्हणजे पहिला नंबर नव्हे. (ऑक्सिजन काढून साध्या हवेवर आलं की ९८ दिसलं तरी चालतं.) घंट्यांपैकी बऱ्याच पायाला गुंडाळलेल्या त्या लाल दिव्याच्या पट्टीमुळे असतात : बाळाने लाथ मारली, पट्टी सरकली, आकडा कोसळला. म्हणून घंटी वाजली की आधी बाळाकडे बघायचं. ओठ गुलाबी आहेत का, छाती हलतेय का? हलत असेल तर बहुधा पट्टीच. छाती थांबलेली वाटली तर सिस्टरना हाक मारायची. त्या तळपायाला टिचकी मारतात आणि बहुतेक वेळा श्वास सुरू होतो. २० सेकंदांहून जास्त श्वास थांबणं हे अपुऱ्या दिवसांच्या मेंदूचं कच्चेपण आहे, त्यासाठी कॅफिनचं औषध देतात, आणि साधारण ३४ ते ३६ आठवड्यांचं वय होईतो ते बहुतेकांचं थांबतं. तुम्हाला मायक्रोवेव्हने जे धस्स होतं ते याच घंटीचं. तो आवाज कशाचा हे कळलं की त्याची धार कमी होते. तोवर घरातल्या मायक्रोवेव्हचा आवाज बंद करायची सोय असेल तर बंद करून टाका, त्यात कमीपणा नाही.

दुसरं काम, कांगारू. ही पद्धत १९७८-७९ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली. आज जागतिक आरोग्य संघटना ती सर्व अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी सुचवते, दिवसाला ८ ते २४ तास. पेटीला पर्याय म्हणून नव्हे, जगण्याची शक्यता वाढते म्हणून. सीपॅपवर असलेल्या स्थिर बाळाला छातीवर घेता येतं. सगळे कक्ष घेऊ देत नाहीत, पण विचाराच. तुम्ही नक्की घ्या, कांगारूला दूध लागत नाही, उघडी छाती लागते. आंघोळ करून जा, अत्तर-डिओ नको, तंबाखू-सिगारेट असेल तर त्या दिवशी तरी बंद. शर्ट पुढून उघडणारा. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे, लंगोट. ते छातीच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून हनुवटी किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. हनुवटी छातीत रुतली की श्वास अडतो. सगळ्यात जास्त लक्ष तिथेच द्यायचं. खुर्ची थोडी मागे कललेली. एकदा घेतलं की किमान १ तास, कारण पेटीतून काढणं-ठेवणं यातच त्याची निम्मी ताकद जाते. २० मिनिटांचं कांगारू म्हणजे प्रवास जास्त आणि मुक्काम कमी. मोबाइल बाहेर.

तुमच्या आईसुद्धा कांगारू देऊ शकतात, हे त्यांना सांगा. सव्वा महिन्याचा मुद्दाही त्यातूनच सोडवा. सव्वा महिना ही बाळंतिणीला विश्रांती आणि बाहेरच्यांपासून आडोसा मिळावा म्हणून केलेली सोय, आणि ती बाळ कुशीत आहे असं धरून केलेली. बाळच दुसऱ्या गल्लीत असेल तर बाळंतिणीची खोली तिथे हलली असं समजायचं. टाके असल्याने जड उचलायचं नाही, रिक्षात पोटावर उशी धरून बसायचं, खड्ड्यांच्या रस्त्याने जायचं नाही, एवढी पथ्यं पुरेत. आईंना म्हणा, अळिवाची खीर आणि डिंकाचा लाडू डब्यात द्या, ती तिथेच खाईल. बाकी पाचवीचं मनावर घेऊ नका. पाळण्यात बाळ नसताना सटवाईपुढे बसणं तिला जमलं नाही, यात कुणाचा अपमान नाही. बारसं बाळ घरी आल्यावर करा. नाव मात्र ठरलं असेल तर आत्ताच सिस्टरना सांगून पेटीवरच्या कार्डावर लिहून घ्या. ‘अमुकचं बेबी’ यापेक्षा नावाने हाक मारली जाऊ लागली की आईच्या कानाला फरक पडतो. नाव इतक्यात ठेवायची भीती वाटत असेल तर तेही समजण्यासारखं आहे, घाई करू नका.

तिसरं काम फक्त तिचं, आणि आत्ता सगळ्यात तातडीचं : दूध. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून थोडं विस्ताराने.

२४ तासांत ८ ते १० वेळा दूध काढायला हवं, त्यातलं एक रात्री १ ते ५ च्या दरम्यान, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. हाताने काढायचं तर अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून ३-४ सेंमी मागे. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत, त्याने सालपटं निघतात आणि दूध येत नाही. एका बाजूला ३ ते ५ मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली. सगळं मिळून २० ते ३० मिनिटं. ‘ताणामुळे दूध आटलं’ असं घरात कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा. ताणाने, थंडीने, दुखण्याने दूध बाहेर सुटायला उशीर लागतो. ते कमी पडतं ते स्तन रिकामे न झाल्याने. आधी ५ मिनिटं गरम पाण्याचा शेक, पाठीवर हात, समोर बाळाचा फोटो. कक्ष परवानगी देत असेल तर बाळाजवळ ठेवलेला सुती रुमाल घरी आणा आणि दूध काढताना तिच्याजवळ असू द्या. वासाने दूध सुटायला मदत होते.

हिशेब असा. जन्माच्या वजनावर दर किलोला दिवसाला साधारण १५० मिली म्हणजे पूर्ण आहार. १२४० ग्रॅमला १८६ मिली, १२ वेळांत भागलं की १५-१६ मिली. तुमचं बाळ १० वर आहे, म्हणजे दोनतृतीयांश वाट झाली. आईला मात्र दोन आठवड्यांच्या सुमारास दिवसाला ५०० मिलीच्या आसपास पोहोचायचं आहे. जास्तीचं वाटतं, पण बाळ अडीच किलोचं होईल तेव्हा त्याला जवळपास ४०० लागेल, आणि तेव्हा ते एकदम वाढवता येत नाही. डब्यावर नाव, तारीख, वेळ. बाहेर ४ तासांहून जास्त नाही, बडोद्याच्या उन्हाळ्यात तर नेताना बर्फाच्या पाकिटांची पेटीच हवी. फ्रिजमध्ये किती वेळ चालेल याचा तुमच्या कक्षाचा नियम विचारून तोच पाळा. फ्रिजच्या दारात ठेवू नका, दार उघडलं की तिथलं तापमान वर जातं.

आता तुमचं काम. पंपाचे भाग धुणं, उकळणं, डब्यांवर लिहिणं, दूध पोहोचवणं हे सगळं तुमच्याकडे घ्या. रात्रीचं दूध काढून झालं की उरलेलं तुम्ही आवरा. तिला सलग ४ तास झोप मिळाली पाहिजे, या घरात आत्ता यापेक्षा मोठं औषध नाही. एक छोटी वही करा. रोज एकाच डॉक्टरांना, राउंडनंतर, तेच प्रश्न : आज वजन किती, दूध किती मिलीवर, श्वासाची मदत कालपेक्षा कमी की जास्त, आज तुम्हाला कशाची काळजी आहे, उद्या काय करणार. उत्तर त्यांच्यासमोर लिहा. नवव्या दिवशी ११६० म्हणजे जन्माच्या वजनाच्या साडेसहा टक्के घट. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं १० ते १५ टक्के उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. पुढे दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास वाढ धरायची, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे साखर. वहीत ते दिसतं, पेटीकडे बघून दिसत नाही. एक दिवस ५ ग्रॅमच वाढलं म्हणून रात्र काढू नका, तीन-चार दिवसांचं एकत्र बघा.

रात्री कक्षाला फोन एकदाच, ठरलेल्या वेळी. त्यांच्याकडून एवढं कबूल करून घ्या की मोठा बदल झाला तर तेच फोन करतील. म्हणजे फोन आला नाही याचाही अर्थ लागतो. कक्षाचा नंबर नावाने जतन करून त्याला वेगळी रिंग लावा, नाहीतर कुरिअरवाल्याच्या फोननेही छाती धडधडते.

नातेवाइकांसाठी एक माणूस नेमा, शक्यतो तुम्ही सोडून. आत्या, मावसभाऊ, कुणीही. रात्री ८ वाजता ग्रुपवर एकच निरोप : ‘आज वजन इतकं, दूध इतकं, तब्येत तशीच. फोन नको, काही लागलं तर आम्ही सांगू.’ दूध-डब्याचं कुणी विचारलं तर हो म्हणा, बाकीचं विचारलं तर त्या माणसाकडे पाठवा. ‘सातव्यात जिने चढली’, ‘पपई खाल्ली’ वगैरे तपासण्या निघतील. तुमच्याकडे कारण लिहून दिलेलं आहे : बीपी. ते तिने केलेलं नाही, आणि त्या वेळी बाळ बाहेर काढलं नसतं तर दोघांच्या जिवाला धोका होता. हे वाक्य आईसमोर तुम्ही उच्चारायचं आहे, बायकोने नव्हे.

त्याच बीपीबद्दल. बाळंतपणानंतरही काही आठवडे ते वर जाऊ शकतं, आणि एनआयसीयूच्या धावपळीत आईची तपासणी सर्रास राहून जाते. डोकं सतत ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, धाप लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे. ‘टेन्शनमुळे डोकं दुखतंय’ म्हणून गोळी देऊन झोपवू नका.

मनाचं कुठे थांबायचं तेही सांगतो. पहिले दोन आठवडे रडू येणं, चिडचिड, सुन्नपणा हे चालतं. दोन आठवड्यांनंतरही ते रोज असेल, संधी असून झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, ‘मी नसते तर बरं’ असं येत असेल, तर डॉक्टरांना सांगून बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी एडिनबरा प्रश्नावली भरून घ्या. १० प्रश्न आहेत, ५ मिनिटं लागतात. १३ किंवा जास्त गुण आले, किंवा स्वतःला इजा करण्याच्या दहाव्या प्रश्नाला ‘कधीही नाही’ सोडून दुसरं काही उत्तर आलं, तर मानसोपचारतज्ज्ञ. दूध पाजताना चालणारी औषधं असतात, त्यामुळे ‘गोळी घेतली तर दूध बंद’ या भीतीने थांबू नका. झोप जवळजवळ नाहीच, बोलणं भरकटतंय, आवाज ऐकू येतात, बाळ बदललंय अशी खात्री झालीय, असं काही दिसलं तर वाट न बघता लगेच रुग्णालयात. तिचं ‘माझं वाटत नाही’ आणि हे ‘बदललंय’, यात फरक आहे, तो ओळखा. टेली-मानस १४४१६ हा सरकारचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तुम्हीही तिथे फोन करू शकता. बापांचा ताण बऱ्याचदा उशिरा, बाळ सुधारायला लागल्यावर बाहेर येतो, आणि तोवर सगळ्यांनी विचारणं सोडलेलं असतं.

बिलाचं थोडक्यात. रोजचा अंदाज लेखी मागा, आणि सीपॅप, रक्ततपासण्या, प्रतिजैविकं यातलं काय खाटभाड्यात आणि काय वेगळं ते विचारा. आयुष्मान कार्ड असेल तर गुजरातेत मर्यादा कुटुंबाला १० लाख आहे. बाळाचं वेगळं कार्ड निघेपर्यंत थांबू नका, आईचं कार्ड घेऊन रुग्णालयाच्या आयुष्मान कक्षात विचारा. कंपनीचा गटविमा असेल तर बाळाचं नाव घालायची मुदत एचआरकडून आजच काढा, ती अनेकदा महिनाभराचीच असते. पैसे संपत आले तर शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका. सयाजी रुग्णालयात नवजात विभाग आहे. डॉक्टरांशी आधी बोलून, बाळ स्थिर असताना, पेटी असलेल्या गाडीतून हलवता येतं.

रजा सगळी आत्ता संपवू नका. पहिल्या शिफ्टला असाल तर संध्याकाळचं कांगारू तुमचं, दुसरीला असाल तर सकाळचं; सलग रजा घरी येण्याच्या आठवड्यासाठी ठेवा, कारण खरे हाल तेव्हा होतात. बाळ साधारण १६०० ते १८०० ग्रॅमच्या पुढे, तोंडाने दूध घेणारं, पेटीबाहेर ऊब टिकवणारं झालं आणि कॅफिन थांबवून काही दिवस श्वास न थांबता गेले की सोडतात. तुमच्या हिशेबाने अजून एक ते दीड महिना धरा. सोडण्याआधी एक-दोन रात्री आई-बाळाला रुग्णालयातच एका खोलीत राहू द्या म्हणावं. घरी आल्यावर तेलमालिश, गुटी, मध डॉक्टरांनी सांगेपर्यंत काही नाही. आईंना हे आत्ताच सांगून ठेवा, त्या दिवशी दारात वाद नको.

आणि वहीच्या पहिल्या पानावर एक तारीख लिहा : जन्माचा तिसावा दिवस. २ किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी त्या दिवसाच्या आत झालीच पाहिजे, बाळ कक्षात असो वा घरी. तुमच्याकडे २१ दिवस आहेत. डोळ्यांचे डॉक्टर कक्षात कोणत्या वारी येतात ते उद्याच विचारा.